३८० ग्रॅमची पुरचुंडी

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पुरचुंडी ठेवली, तेव्हा आकडा ३८० वर थांबला. उजवा स्तन काढून सात महिने झाले होते, किमो संपली होती, डोक्यावर बोटभर केस आले होते. बाहेरून लावायचा तयार सिलिकॉनचा स्तन मला मानवला नाही. घाम आला की तो खाली घसरायचा आणि मी चारचौघांत खांदा उडवून त्याला वर ढकलत बसायचे. शेवटी स्वतःच एक शिवला. सुती कापडाची गोल पिशवी, आत तांदूळ, अंगाकडच्या बाजूला फ्लॅनेल. कपडे शिवायचा मला वीस वर्षांचा सराव आहे, त्यामुळे पिशवी तासाभरात झाली. तोल साधायला मात्र दोन दिवस गेले. मूठभर तांदूळ घालायचे, आरशासमोर उभं राहायचं, चिमूटभर काढायचे. दोन्ही खांदे एका रेषेत आले तेव्हा भरले ३८० ग्रॅम.

हा आकडा चिठ्ठीवर लिहून मी प्लास्टिक सर्जनकडे गेले. ऑपरेशनच्या अहवालात काढलेल्या स्तनाचं वजन ४१० ग्रॅम लिहिलं होतं, तेही खाली लिहिलं. माझ्या मते निम्मं काम झालं होतं. एवढ्या वजनाचं इम्प्लांट, म्हणजे छातीच्या आत बसवायचा कृत्रिम स्तन, द्या, एवढंच सांगायचं बाकी होतं.

बाईंनी चिठ्ठी वाचली, हसल्या आणि बाजूला ठेवली. ड्रॉवरमधून टेप काढली. डाव्या स्तनाची रुंदी, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाजवळ तो जिथे सुरू होतो तिथपासून काखेच्या बाजूला जिथे संपतो तिथपर्यंत, १३ सेंटिमीटर भरली. मग गळ्याच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर. मग स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं. मग उजव्या बाजूची सपाट त्वचा चिमटीत धरून तिची जाडी.

"तुम्ही शिवता ना? मग तुम्हाला वेगळं सांगायला नको," त्या म्हणाल्या. "आधी रुंदी. बाकी सगळं तिच्यामागून."

ते मला खरंच लगेच कळलं. इम्प्लांटचं आकारमान सीसीमध्ये, म्हणजे मिलिलिटरमध्ये सांगतात, पण ३०० सीसीचं एक इम्प्लांट रुंद आणि बसकं असतं, तर दुसरं अरुंद आणि पुढे आलेलं. याला ते प्रोफाइल म्हणतात: कमी, मध्यम, जास्त. पायाची रुंदी माझ्या छातीच्या रुंदीपेक्षा मोठी झाली, तर कडा काखेत टोचणार किंवा मधल्या हाडावर चढणार. फारच लहान झाली, तर मध्ये भकास दरी राहणार. तयार ब्राच्या कपचं अक्षर या हिशेबात कुठेच येत नाही. एका कंपनीचा सी म्हणजे दुसरीचा डी, हे मला शिवणातून आधीच माहीत होतं, तरी मी घरून निघताना तेच अक्षर मनात धरून निघाले होते.

आणि माझं वजनही चुकीचं होतं. तांदळाच्या दाण्यांमध्ये हवा असते, म्हणून तेवढ्याच वजनाला पिशवी मोठी होते. सिलिकॉन जेल साधारण पाण्याइतकंच जड, म्हणजे ३०० सीसीला ३०० ग्रॅमच्या आसपास. शिवाय इम्प्लांटच्या वर माझी स्वतःची त्वचा आणि स्नायू असणारच, ते वजा करायचे. ४१० ग्रॅमच्या अहवालातही गळ्याच्या हाडापर्यंतची आणि काखेच्या बाजूची चरबी आली होती. एकूण चिठ्ठी गेली टोपलीत.

त्या पहिल्या भेटीत बाईंनी इम्प्लांटखेरीज दोन रस्ते सांगितले. ते नीट सांगितले याचं मला आजही बरं वाटतं, कारण पुष्कळ ठिकाणी प्रश्नच "कोणतं इम्प्लांट?" इथून सुरू होतो. एक रस्ता, पोटाची त्वचा आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून छातीवर नेऊन जोडायची. बाहेरची वस्तू नाही, वजन कमीजास्त झालं की तो स्तनही बदलतो. पण ऑपरेशन लांबलचक, पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण, आणि माझ्या पोटावर तेवढी चरबीच नव्हती. दुसरा रस्ता, काहीच करायचं नाही. छाती नीट सपाट करून घ्यायची आणि तशीच राहायची. या दुसऱ्या रस्त्यावर मी जवळजवळ तीन आठवडे उभी होते. नवरा म्हणाला, "तुला हवं ते कर, मला फरक पडत नाही." त्याने ते धीर द्यायला म्हटलं होतं. मी त्यावर दोन दिवस अबोला धरला. फरक मला पडत होता. पोहायला जाताना, वाकून मशीनमध्ये दोरा ओवताना, गळ्यातून आत हवा शिरून तिथे काही नसल्याचं कळताना. म्हणून इम्प्लांट.

पण माझ्या बाबतीत ते थेट बसणार नव्हतं. स्तन काढताना त्वचाही काढली होती आणि उरलेली बरगड्यांवर ताणून शिवली होती. आत काही मावायला कापडच नव्हतं. म्हणून आधी एक्स्पांडर: रिकामा फुगा, तो छातीच्या स्नायूखाली ठेवायचा आणि दर आठवड्याला त्यात थोडं थोडं सलाईन भरून त्वचा वाढवायची. रेडिएशन मला लागलं नव्हतं, ही मोठी जमेची बाजू होती. रेडिएशन झालेली त्वचा नीट ताणत नाही आणि इम्प्लांटभोवती कडकपणा येण्याचं प्रमाण त्यात बरंच वाढतं. अशा वेळी बाई स्वतःहून पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींकडे वळवतात, असं त्यांनी सांगितलं.

एक्स्पांडरचे दिवस कोणी विचारलं तर मी खरं सांगते: ते ऑपरेशनपेक्षा कंटाळवाणे. भूल उतरली तेव्हा आत १०० मिली आधीच भरलेलं होतं आणि काखेखालून एक नळी बाहेर येऊन बाटलीला जोडलेली. रोज सकाळी किती पाणी जमलं ते वहीत लिहायचं. दिवसाला ३० मिलीच्या खाली आलं की नळी निघणार, असा बोलीचा करार होता. माझी बाराव्या दिवशी निघाली. मग भरणं सुरू झालं. फुग्याला एक झडप असते आणि तिच्यात लोहचुंबक असतं. डॉक्टर वरून छोटा लोंबता चुंबक फिरवतात. तो गवंड्याच्या ओळंब्यासारखा हलत हलत एका जागी सरळ उभा राहिला की खाली झडप. तिथे शाईची फुली, मग सुई. त्वचा बधिर असल्याने सुई कळायचीच नाही. कळायचं ते रात्री. ५० मिली गेलं की बरगड्यांभोवती कोणीतरी पट्टा आवळून शेवटच्या भोकात अडकवल्यासारखं व्हायचं. दोन दिवसांत तो सैल पडायचा आणि आठवडा संपला की पुन्हा ५०. असं सहा वेळा, एकूण ४००. हवं त्याहून थोडं जास्तच ताणतात, म्हणजे नंतर इम्प्लांट आत मोकळं बसतं. चुंबकामुळे या काळात एमआरआय चालत नाही, हे मी एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. बेशुद्ध पडले तर कुणाला तरी कळायला हवं.

त्या भरण्याच्या दिवसांतच माझी निवड खरी झाली, आणि ती प्रतीक्षागृहातल्या बाकावर झाली. तिथे एक काकू भेटायच्या. साठीच्या, दोन्ही बाजूंना सलाईनचे इम्प्लांट, बरीच वर्षं झालेले. त्यातलं एक नुकतंच फुटलं होतं.

"फुटलं म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? रात्री झोपले तेव्हा दोन होते, सकाळी दीड," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी एकच. मिठाचं पाणी ते, अंगात जिरून गेलं. घाबरले गं, पण निदान कळलं तरी. माझ्या नणंदेचं जेलचं होतं, ते फुटलेलं तिला किती दिवस माहीतच नव्हतं. कशासाठी तरी फोटो काढले तेव्हा दिसलं."

घरी येताना ते दीडचं गणित डोक्यात फिरत राहिलं. तोवर मी सगळ्यांना एकच विचारत होते: सगळ्यात चांगलं कोणतं? उत्तर प्रत्येकाचं वेगळं यायचं आणि प्रत्येक उत्तरात तथ्य असायचं. त्या रात्री वहीत मी प्रश्न बदलून लिहिला: हे बिघडलं तर कसं बिघडेल, आणि तसं बिघडलेलं मला चालेल का? कापड निवडतानाही मी हेच करते. दिसतं कसं हे सगळेच बघतात. मी विचारते, धुतल्यावर आटेल की रंग जाईल?

पुढच्या भेटीत बाईंनी ट्रेमध्ये चार नमुने मांडले, मी वही उघडली.

सलाईनचा आधी हातात घेतला. बाहेरचं कवच सिलिकॉनचंच असतं, आत मिठाचं पाणी. दाबला की पाण्याची पिशवी दाबल्यासारखा, कडेला कवचाच्या बारीक चुण्या. फुटलं तर लगेच कळतं आणि जे अंगात जातं ते निरुपद्रवी, हा त्याचा मोठा गुण. पण वर स्तनाची स्वतःची ऊती असेल तर त्या चुण्या झाकल्या जातात. माझ्याकडे झाकायला काय होतं? पातळ त्वचा. वाकले की वरच्या भागात पन्हळी पत्र्यासारख्या रेषा दिसल्या असत्या. सलाईनबद्दल इतकं लिहिलेलं का सापडतं, तेही तेव्हा कळलं. अमेरिकेत १९९२ साली एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सिलिकॉन जेलवर निर्बंध घातले. माझ्यासारख्या, काढलेला स्तन पुन्हा घडवून घेणाऱ्या रुग्णांना ते अभ्यासाच्या चौकटीत मिळत राहिले, बाकीच्यांना २००६च्या नोव्हेंबरपर्यंत नाही. ती चौदा वर्षं तिथल्या बहुतेक बायकांच्या वाट्याला सलाईनच आलं.

जेलचा नमुना मधोमध कापलेला होता. हे मला सगळ्यात पटलेलं प्रात्यक्षिक. बाईंनी तो अर्धा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "दाबा, घाबरू नका." दाबला. कापलेल्या कडेतून जेल फुगून बाहेर आलं, अंगठा काढला तसं परत आत गेलं. हाताला थोडं चिकट लागलं, पण ओघळलं नाही. जुन्या पिढीतलं जेल पातळ होतं, पाकासारखं. आताचं जेल घट्ट सांधलेलं असतं, कवच फाटलं तरी बहुतेकदा जागच्या जागी राहतं. पण नेमकी तीच त्याची खोड. जागच्या जागी राहतं म्हणून फुटल्याचं कळत नाही. बाहेरून आकार तोच, हाताला तेच. म्हणून एफडीएची शिफारस अशी की, इम्प्लांट बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी, काही त्रास नसला तरी.

"म्हणजे हे आयुष्यभराचं नाही," मी म्हटलं.

"नाहीच. दहा वर्षांनी काढायलाच हवं असंही नाही. पण कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागेल असं धरूनच चाला."

माझ्या वहीत सलाईनपुढे लिहिलं होतं 'बोभाटा करून बिघडतं' आणि जेलपुढे 'गुपचूप बिघडतं'. गुपचूप बिघडणाऱ्या वस्तूला तारीख लावून तपासता येतं, आणि दर सहा महिन्यांनी मी तशीही कॅन्सरच्या तपासणीला जातेच. चुण्या मात्र रोज आरशात दिसल्या असत्या. जेलवर खूण केली.

घरी हे सांगितल्यावर ताईने फोनवरच आवाज चढवला. "अगं, सिलिकॉनचं ते फ्रान्समधलं प्रकरण तू वाचलं नाहीस का?" वाचलं होतं. पीआयपी नावाच्या कंपनीने इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाऐवजी कारखान्यांत वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरलं होतं. २०१० साली ते उघडकीला आलं आणि जगभर हजारो बायकांना ती काढून घ्यावी लागली. त्याचा सिलिकॉन या पदार्थाशी जेवढा संबंध होता, त्याहून जास्त लबाडीशी होता. पण ताईच्या फोनमुळे एक झालं: इम्प्लांटचं नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक असलेलं कार्ड मला मिळालंच पाहिजे, हे मी वहीत ठळक लिहिलं. उद्या काही परत मागवलं गेलं तर माझ्या अंगात काय आहे, हे मला दुसऱ्या कुणाला विचारायला लागू नये.

मग आकार. यात मी मनातून हट्टाला पेटले होते. ट्रेमधला तिसरा नमुना थेंबासारखा होता, वर उतरता आणि खाली भरलेला. माझा डावा स्तन तसाच आहे, चाळिशी उलटलेल्या बाईचा असतो तसा. गोल इम्प्लांट म्हणजे मला नाटकी, वरून फुगलेलं काहीतरी वाटायचं. थेंबच हवा, असं मी पहिल्या भेटीपासून सांगत होते.

बाईंनी तो माझ्या हातात दिला. "पृष्ठभागावर बोट फिरवा."

बारीक पॉलिश कागदासारखा खरखरीत. गोल इम्प्लांट आत फिरलं तरी गोलच दिसतं. थेंब फिरला तर त्याचं पोट बाजूला जातं, पार उलटाही होऊ शकतो. तो जागी राहावा म्हणून पृष्ठभाग खरखरीत करतात, शरीराची ऊती त्याला धरून राहते. आणि या खरखरीत पृष्ठभागाशी एक दुर्मीळ कॅन्सर जोडला गेला आहे. स्तनाचा नव्हे, लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींचा. तो इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं त्यात होतो, बहुतेकदा बऱ्याच वर्षांनी, आणि अचानक एका बाजूला पाणी साठून सूज आली की लक्षात येतो. एफडीएने त्याचा पहिला इशारा २०११ साली दिला. २०१९ साली ॲलर्गन कंपनीने बायोसेल या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट आणि एक्स्पांडर जगभरातून परत मागवली. लवकर सापडला तर आवरणासकट इम्प्लांट काढून बहुतेक रुग्ण बऱ्या होतात, आणि मुळात तो होतो फार थोड्यांना, हे बाईंनी दोनदा सांगितलं. मला घाबरवायचं त्यांच्या मनात नव्हतं.

पण वहीतला प्रश्न समोर होता. बिघडलं तर कसं बिघडेल? एक कॅन्सर नुकता अंगावरून गेला होता. दुसऱ्याची शक्यता कितीही बारीक असली, तरी केवळ उतरत्या आकारासाठी ती पदरात घ्यायची? डाव्या बाजूला काखेत जरा दुखलं तरी मी अजून रात्रभर जागी असते. उजव्या बाजूला जराशी सूज आली असती तर माझं काय झालं असतं, ते मला माहीत आहे. थेंबाचा हट्ट तिथेच सुटला. बाईंनी मग एक गोष्ट दाखवली जी आधी दाखवली असती तर मी एवढी भांडले नसते: गुळगुळीत गोल नमुना ताटलीवर आडवा ठेवला तर गोल, आणि हातात उभा धरला तर जेल खाली उतरून तोही थोडा थेंबासारखा झाला. पूर्ण नाही. पण माझ्या मनात होतं तसा फुगलेला चेंडूही नाही.

आणि हो, त्याच दिवशी मी विचारलं की आत्ता आत आहे तो एक्स्पांडर कसला? गुळगुळीत, कडेला टाके घालायच्या पट्ट्या असलेला. हे मी आधी विचारायला हवं होतं.

गुळगुळीतही निर्दोष नाहीच. परकी वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती आवरण विणतं, ते प्रत्येकीत होतं. काहींमध्ये ते आवरण आवळत जातं आणि इम्प्लांट कडक होतं. त्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत मऊ, दुसरीत हाताला जरा घट्ट पण दिसायला ठीक, तिसरीत आकार बिघडलेला दिसतो, चौथीत कडक आणि दुखरं. हे कडक होणं मला चालणार होतं का? आवडणार नव्हतं, पण ते हाताला कळतं, डोळ्याला दिसतं आणि घाईचं नसतं. म्हणजे चालणार होतं.

स्नायूच्या खाली की वर, हा प्रश्न मला कात्रीने घातला. एक्स्पांडर पूर्ण भरल्यावर मी बऱ्याच महिन्यांनी कापायला बसले. जाड कापड, दोन पदर, मोठी लोखंडी कात्री. पहिला कच्च आवाज झाला आणि उजवी छाती उडी मारून काखेकडे सरकली. मला वाटलं भास झाला. पुन्हा कात्री चालवली, पुन्हा उडी. मुलगी समोर अभ्यास करत होती, ती म्हणाली, "आई, ते हललं?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की कापड वाकडं कापलं गेलं. छातीचा स्नायू आवळला की त्याच्याखालचं इम्प्लांट ओढलं जातं, एवढंच ते. त्रास नाही, पण विचित्र.

इम्प्लांट बदलताना ते स्नायूच्या वर आणता आलं असतं. स्नायू परत बरगड्यांवर शिवायचा आणि इम्प्लांटला आधार म्हणून पेशी काढून टाकलेल्या त्वचेचा पडदा भोवती गुंडाळायचा. हा पडदा दान केलेल्या मानवी त्वचेपासून किंवा जनावराच्या कातडीपासून बनवलेला असतो. उडी बंद. पण वर फक्त त्वचा राहणार, आणि बाईंच्या चिमटीत माझी त्वचा पातळ आली होती. कडा दिसणार, चुण्या दिसणार, मग त्या झाकायला मांडीची चरबी काढून भरायची, कदाचित दोनदा. मी उडी निवडली. कात्री दिवसातून अर्धा तास चालते, त्वचा चोवीस तास अंगावर असते.

उरला आकडा. डाव्याची रुंदी १३, त्यातून त्वचेची जाडी वजा जाता पाया साडेबारा सेंटिमीटर. मध्यम प्रोफाइल. ३१० ते ३६०च्या दरम्यान कुठेतरी. मोठं घ्यावं असा मोह मला एकदा झाला, खोटं कशाला बोलू. प्रतीक्षागृहात जी भेटते ती "थोडं मोठंच घ्यायला हवं होतं" म्हणते. पण डावा आहे तसाच ठेवायचा होता, आणि जड इम्प्लांट खालची त्वचा अधिक ताणतं. नेमका आकडा आम्ही ठरवलाच नाही. बाई म्हणाल्या, भूल दिल्यावर आत नमुन्याची इम्प्लांट ठेवून, टेबल उचलून मला बसतं करून बघतात, तेव्हाच खरं दिसतं. मी फक्त दोन टोकं सांगितली: डाव्यापेक्षा मोठं दिसता कामा नये, थोडं लहान दिसलं तर हरकत नाही. संमतीच्या कागदांवर सही करायला पाऊण तास लागला, कारण प्रत्येक ओळ वाचायची असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. लिम्फोमा, फुटणं, कडक होणं, पुन्हा ऑपरेशन, सांधेदुखी आणि थकव्याच्या काही जणींनी केलेल्या तक्रारी. सगळं त्यात होतं.

दुसरं ऑपरेशन पहिल्याच्या मानाने किरकोळ. जाग आली तेव्हा पहिली जाणीव म्हणजे आवळलेला पट्टा गेलेला. एक्स्पांडर किती दगड होता ते तो निघाल्यावर कळलं. आत ३३० बसलं होतं.

आता दोन वर्षं झाली. जे आधी कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. ते थंड असतं. हवा थंड असली, पोहून बाहेर आले की डावी बाजू दोन मिनिटांत ऊब धरते, उजवी अर्धा तास गार राहते, कारण जेलला स्वतःची ऊब नाही आणि वर चरबीची रजई नाही. पहिल्यांदा झोपेत हात लागला तेव्हा दचकून उठले होते. स्पर्श कळत नाही. व्रणाच्या वर बोटभर जागेत मुंग्या आल्यासारखं होतं, तेवढंच. पोटावर झोपता येतं, पण कशावर तरी झोपल्यासारखं वाटतं. आणि त्याचं वय वाढत नाही. डावा उतरत चाललाय, उजवा जिथल्या तिथे. कपड्यांत कळत नाही. माझ्या स्वतःच्या शिवणीत मी उजव्या बाजूचा टक पाव इंच वर घेते. बाईंच्या मते आवरण दुसऱ्या पायरीवर आहे, गेल्या तपासणीत होतं तिथेच.

१९६२ साली ह्यूस्टनमध्ये जिला पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं, ती टिमी जीन लिंडसे दवाखान्यात गेली होती अंगावरचं गोंदण पुसून टाकायला. इम्प्लांट तिच्या मनातही नव्हतं, डॉक्टरांनीच सुचवलं. मी निदान एक वही घेऊन गेले होते.

ते कार्ड शिवणाच्या डब्यात आहे, बॉबिनांच्या खालच्या कप्प्यात, कारण घरात हरवत नाही अशी ती एकच जागा. मुलीने त्याचा फोटो काढून स्वतःच्या फोनमध्येही ठेवलाय. मागच्या बाजूला पेन्सिलीने पहिल्या एमआरआयचं वर्ष लिहिलंय. डावा स्तन वर उचलून दोन्ही सारखे करायचे का, असं बाईंनी मागच्या वेळी विचारलं. तपासणीला आणखी चार महिने आहेत, तोवर सांगते म्हटलंय. वहीत त्याचं पान उघडलंय. वर तोच प्रश्न लिहिलाय, खाली अजून काही नाही.